साहेबांच्या नाकावरचा चढाव

जगातले सगळे रस्ते एका रात्रीत गुळगुळीत झाले, तर बाकीची माणसं पेढे वाटतील आणि आमचे अडथळेवाले सर तेवढे सुतकात बसतील. हे नाव त्यांना मुलांनी दिलं होतं आणि ते असं चिकटलं, की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कुणालाच त्यांचं खरं नाव चटकन आठवत नसे. आमच्या नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते मेकॅनिकल शिकवायचे आणि मी गणित शिकवतो. फरक एवढाच, की मी कायम आहे आणि ते दर जूनमध्ये नव्याने लागायचे. मुलांच्या रोबोट स्पर्धेचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणजे ज्या कामात यश आलं तर कॉलेजचं आणि अपयश आलं तर आपलं, असं काम. या स्पर्धेत मैदानावर गिट्टी, पायऱ्या, दोरखंड, चढाव असले अडथळे मांडलेले असतात आणि मुलांनी बनवलेल्या यंत्राने न उलटता, न अडकता ते पार करायचे असतात. दुसरा कुणी असता तर आधी यंत्र बनवलं असतं. सर आधी अडथळे बनवायचे. "पेपरच माहीत नाही तर अभ्यास कशाचा करता जी?" असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्या खिशात रुमाल नसे, पण मोजपट्टी असे. माझ्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा दारातच गुडघे टेकून उंबऱ्यावर वाकले. माझी बायको भारावून गेली. "पाहा, किती संस्कार हायत माणसाले. नाहीतर तुम्ही!" असं मला ऐकवून होईपर्यंत सर मोजपट्टी गुंडाळत उठले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचा उंबरा लय चांगला आहे. मले असाच पाहिजे होता." त्यानंतर महिनाभर माझ्या घराच्या उंबऱ्याची प्लायवूडमधली प्रत कॉलेजच्या रोबोट-खोलीत पडलेली होती आणि मुलं तिला 'गणिताच्या सरांचं घर' म्हणत. स्कूटरवर त्यांच्या मागे बसणं म्हणजे पाठीच्या मणक्यांनी दिलेली परीक्षा होती. आमच्या शहरात रस्ता खोदायला कारण लागत नाही आणि बुजवायला मुहूर्त लागतो, त्यामुळे सरांना अभ्यासाला कधी कमी पडलं नाही. चांगला सिमेंटचा रस्ता समोर असताना ते स्कूटर खोदकामात घालायचे आणि मान मागे वळवून विचारायचे, "सर, पुढचं चाक आधी बसलं का मागचं? नीट ध्यान द्या." मी ध्यान देण्याच्या स्थितीत नसे. एकदा कँटीनमध्ये त्यांनी मला गुरुत्वमध्य समजावून सांगितला. त्यासाठी तर्री-पोह्यांची प्लेट हळूहळू कलती करत नेली आणि तर्री नेमकी कुठल्या क्षणी सांडते ते दाखवलं. तर्री माझ्या शर्टावर सांडली. क्षण मात्र अचूक होता.

यंत्राला ते 'बाई' म्हणत. अर्जावर मुलांनी काहीतरी झगमगीत इंग्रजी नाव लिहिलं होतं, पण खोलीत ती बाईच. पहिली बाई उंच होती आणि पायरी दिसली की पाठीवर पडायची. सरांनी बॅटरी पोटाखाली नेली. दुसरी बाई बुटकी झाली आणि गिट्टीत पोट टेकवून बसायची. मग पुढची चाकं वेगळ्या दांड्यांवर लावली, म्हणजे एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं जमीन सोडणार नाही. चाकांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. एवढं झाल्यावर बाई माझा उंबरा अशी ओलांडायची, की बघत राहावं. उमरेडहून शिकायला आलेली एक मुलगी ती चालवायची. तिच्या मागे सर उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, "चढ वं बाई, चढ. काहून घाबरून राहिली?" यंत्राशी इतक्या मायेने बोलणारा माणूस मुलांशी कसा बोलत असेल, हे सांगायला नको. आणि या सगळ्याला त्या वर्षी एक धार आलेली होती. प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, की पहिल्या तिनांत या, तुम्हाला कायम करायचं मी वर बोलतो. सरांनी हे मला सांगितलं ते खिशातली मोजपट्टी उलगडत आणि गुंडाळत. मला प्राचार्यांचं 'वर बोलतो' पंधरा वर्षांपासून पाठ होतं, पण मी पेढे कधी देता, एवढंच विचारलं. त्यांचा चेहराच तसा झाला होता.

आता राहिला होता चढाव. नियमावलीत लिहिलं होतं, की चढावावर फ्लेक्स ताणलेला असेल. फ्लेक्सला आमच्याकडे काय तोटा? संस्थेच्या अध्यक्षांचा, म्हणजे साहेबांचा, वाढदिवस नुकताच झाला होता आणि त्यांचे भलेथोरले फ्लेक्स भिंतीला टेकून पडले होते. मुलांनी माझ्यासमोरच त्यातला एक चढावावर ताणला. बाई खालून निघाली, साहेबांच्या हनुवटीवर आली आणि नाकावरून घसरून परत खाली. "वा!" सर खूश झाले. "छापील बाजू चकचकीत आहे, ट्यूब पकडून नाही राहिली. आता रबर बदलून पाहू." आणि नेमके त्या वेळी प्राचार्य दारात उभे होते. त्यांना रबर दिसलं नाही. त्यांना साहेबांच्या तोंडावरून जाणारं चाक दिसलं.

"हे काय चाललंय? उलटा करा तो फ्लेक्स!"

"सर, स्पर्धेत छापील बाजू वर राहते."

"मग स्पर्धेत चालवा. इथे साहेबांच्या तोंडावरून काही जाणार नाही."

फ्लेक्स उलटा झाला. मागची बाजू करडी, खरबरीत, मळखाऊ. बाई तिच्यावरून सरसर चढली आणि मुलं नाचली. सर नाचले नाहीत. मी स्वतःच्या खर्चाने कोरा फ्लेक्स आणून यावर ताणतो, असं ते सांगायला गेले, तर प्राचार्य म्हणाले, "म्हणजे साहेब झाकायला तुम्ही पैसे खर्च करणार? हे कुणी वर सांगितलं तर?" या तर्कापुढे माझं गणितही चालेना. मग सर बिनचेहऱ्याचा जुना फ्लेक्स शोधत गावभर फिरले. नागपुरात एक वेळ पाण्याशिवाय उन्हाळा निघेल, पण चेहऱ्याशिवाय फ्लेक्स मिळत नाही. एक कोचिंग क्लासचा सापडला, त्यावर गुणवंत मुलांची तोंडं होती आणि त्यातलं एक आमच्याच हेडक्लार्कच्या पोरीचं निघालं. घरी सराव करावा, तर सरांच्या भाड्याच्या खोलीत बाई आणि चढाव एकत्र मावत नव्हते. शेवटी सगळा सराव उलट्या साहेबांवरच झाला आणि चाकांवर ट्यूब तीच राहिली.

स्पर्धा गावातच होती. साहेब पहिल्या रांगेत होते, प्राचार्य त्यांच्या शेजारी. बाई गिट्टीतून गेली, दोरखंडावरून गेली, पायऱ्या तर तिने अशा घेतल्या, की अनोळखी कॉलेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग चढाव आला. त्यावर चकचकीत फ्लेक्स होता, छापील बाजू वर. बाई अर्ध्यावर गेली आणि घसरली. पुन्हा गेली, पुन्हा घसरली. "चढ वं बाई," ती उमरेडची मुलगी रडत रडत म्हणत होती आणि सर खाली बघत होते. मी प्राचार्यांकडे बघितलं. ते घड्याळ बघत होते.

मग बैठक झाली. "चढावाचा सराव कमी पडला," असं प्राचार्य म्हणाले. सर म्हणाले, सराव उलट्या बाजूवर झाला. "उलटा करायचं कुणी ठरवलं?" असं विचारताना प्राचार्यांच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. मी उठून सांगितलं, की तुम्ही, माझ्यासमोर सांगितलंत. ते इतिवृत्तात 'इतर चर्चा' या सदरात गेलं. पण त्याआधीच सर बोलून बसले होते, "मीच ठरवलं जी." दोष आपण घेतला तर पोरांची खोली तरी वाचेल, असं त्या भाबड्या माणसाला वाटलं होतं. जूनमध्ये त्यांना कुणी बोलावलं नाही. खोलीही वाचली नाही. तिथे आता साहेबांचे फ्लेक्स ठेवतात.

मागच्या महिन्यात एका लग्नासाठी काटोलला गेलो होतो, तेव्हा सरांकडे गेलो. संत्र्याच्या बागेत फवारणी करायचे पंप दुरुस्त करायचं दुकान त्यांनी टाकलंय. मागच्या पडवीत चढाव होता. कॉलेज सोडताना त्यांनी बाई आणि तो उलटा फ्लेक्स मागून नेले होते आणि आता तो फ्लेक्स सुलटा होता. बाई निघाली, हनुवटीवरून, नाकावरून थेट माथ्यावर. मी टाळी वाजवली. सर कसनुसं हसले. "यात काही दम नाही सर. घासून घासून नाक गेलं ना, म्हणून चढते." खरंच, नाकाच्या जागी खरबरीत पांढरा चट्टा होता. मग थोडं अडखळत म्हणाले, "साहेबांचा यंदाचा वाढदिवस झाला का? एखादा नवा मिळंल?"

"आता कोणती स्पर्धा आहे?"

"स्पर्धा कुठची जी," ते म्हणाले. "चढाव राहिला ना."

वाढदिवस मागच्या आठवड्यात झाला. त्या खोलीची किल्ली मागून घेतली आणि त्यातल्या त्यात कोरा करकरीत फ्लेक्स निवडला. फोनवर सर बजावत होते, "छापील बाजू आत घ्या. चकाकी नाही गेली पाहिजे." साहेबांचा चेहरा इतका जपून आजवर कुणी गुंडाळला नसेल. आता काटोलच्या एसटीत ते भेंडोळं दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून बसलो आहे. सरांनी नवं रबर लावलंय, या वेळी बाई चढेल. आणि ती चढेल तेव्हा टाळी वाजवायला तिथे मी एकटाच असेन, याचं मला फार वाईट वाटतं.