खडकहोळची लाइन

वसुधाक्का गेल्याची बातमी आली तेव्हा मी बेंगळुरातल्या महादेवपुऱ्यात भाजी घेत होते. ऑफिसमधल्या सहकाऱ्याचा फोन होता. "मॅडम, कुठं आहात? स्वल्प बसून घ्या," तो म्हणाला. बसायला तिथं काहीच नव्हतं, कांद्याच्या पोत्याला टेकून मी ऐकलं. सर्जापूर रोडवर, तिच्या घराच्या अलीकडच्या वळणावर, संध्याकाळी तिची स्कूटर चरात गेली. चर पाण्यानं भरलेला, आजूबाजूला ना फलक ना दोरी. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तो चर कशासाठी खणला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. समोरच्या मोठ्या अपार्टमेंटला इंटरनेटची नवी केबल टाकायची होती. तिथं आधीच दोन-तीन कंपन्यांच्या लाइनी आहेत, पण एकीचं नेट संध्याकाळी अडखळतं म्हणून लोकांची तक्रार होती. जिनं आयुष्याची चांगली वर्षं एका गावात एक केबल पोचावी म्हणून घालवली, ती असल्या चरात पडून मेली. भेटायला आलेल्यांपैकी एकजण मला म्हणाले, "काय नियती असते पाहा." मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. यात नियतीबियती काही नाही. कुणीतरी खड्डा खणला आणि दोरी न बांधता घरी गेला, एवढंच आहे.

आम्ही दोघी एकाच ऑफिसात होतो. सरकारच्या पैशातून खेड्यापाड्यांत ब्रॉडबँड न्यायचं काम ठेकेदारांना दिलं जातं. ते खरंच झालं की नाही हे पाहून सांगायचं काम आमच्या संस्थेकडे होतं. आम्ही 'झालं' म्हटलं की ठेकेदाराचे पैसे सुटत. मी अहवालांची भाषा नीट करत असे, वसुधा गावोगाव जाऊन तपासणी करणारी इंजिनिअर. आमचं घराणं बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्यांचं. आमची मराठी अर्धी कन्नडात भिजलेली, म्हणून मी तिला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणू लागले. ती निपाणीकडची. तिकडच्या बायकांसारखी ती 'मी येतो, मी बघतो' असं बोलायची, आणि पुण्याहून आलेल्या आमच्या पोरी तोंड लपवून हसायच्या. एकीला तिनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "लाइन बंद असलेल्या गावाला तू चालू म्हणून लिहिलीस, ते हसण्यासारखं नाही, आणि माझं 'येतो' हसण्यासारखं?" ती पोरगी रडली. अक्कानं तिची समजूत काढली नाही. ती गोड बाई नव्हती, हे मला आधीच सांगून टाकायचं आहे. गेलेल्या माणसाला साखरेत घोळवून छापण्याची पद्धत तिला कधीच आवडली नसती.

तिची तपासणी म्हणजे ठेकेदारांना डोकेदुखी. इतर लोक पंचायतीत जात, भिंतीवरच्या इंटरनेटच्या पेटीचा दिवा हिरवा आहे का बघत, जेवत आणि परतत. अक्का जेवण नाकारायची. पंचायतीच्या पायरीवर बसून आपल्या फोनवर एखादा व्हिडिओ लावायची आणि तो अडकला की तशीच बसून राहायची… दुपार होईस्तोवर. गावातल्या लोकांशी गप्पा मारायची. मग कळायचं की पेटी साहेब लोक यायच्या दिवशीच चालू होते. एके ठिकाणी पेटीच्या कपाटात गणपतीच्या सजावटीच्या माळा कोंबून ठेवल्या होत्या, आणि किल्ली कुणाकडे आहे हे सरपंचालाही ठाऊक नव्हतं. अशा गावापुढे ती लिहायची, 'जोडलेले नाही'. मी एकदा म्हटलं, अक्का, जरा सौम्य लिहू या का, 'अंशतः' वगैरे? ती म्हणाली, "अंशतः पाणी आलं म्हणून तू घागर भरतीस काय?"

खडकहोळ तिला त्याच फेऱ्यांत भेटलं. सीमेकडचं, डोंगराच्या कुशीतलं लहान गाव. मोबाइलला रेंज नाही, पण पंचायतीतली पेटी मात्र चालत होती. धड नाही, वीज असेपर्यंत आणि रडतखडत, पण चालत होती. त्या पायरीवर भाग्या नावाची मुलगी बसलेली असायची. तिची आई रेणुका, गावची आशाताई. भाग्याला नर्सिंगला जायचं होतं. शहरातल्या शिकवणीचे धडे ती फोनवर उतरवून घ्यायची आणि घरी जाऊन पाहायची. अक्का त्या पायरीवर तिच्या शेजारी बसली, तिच्या डब्यातली भाकरी खाल्ली, आणि परत आल्यावर मला म्हणाली, "शालू, एक पोरगी बघितलो. आपलं सगळं खातं त्या पोरीसाठी आहे, बाकी सगळं झूट."

त्या तालुक्यातली बाकीची बहुतेक गावं मेलेली होती. ठेकेदारानं सगळ्यांचे पैसे मागितले होते. आमच्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, मी कागद घेऊन तिथंच उभी होते. साहेब मृदू बोलणारे. "मॅडम, पैसे अडकले की काम अडकतं. आज सोडून देऊ, उरलेलं तो पुढं करून घेईल." अक्का म्हणाली, "पैसे लोकांचे आहेत सर. काम नाही तर पैसे नाहीत." साहेब म्हणाले, "तुमची मर्जी." तिनं अख्ख्या तालुक्याचं खरं तेच लिहिलं. खडकहोळपुढेही, वीज असेपर्यंतच चालणारी पेटी नियमात बसत नव्हती म्हणून, 'जोडलेले नाही' असंच लिहिलं. पैसे थांबले. त्या दिवशी तिनं ऑफिसजवळच्या दर्शिनीत, उभ्यानं खायच्या हॉटेलात, मला डोसा खाऊ घातला. इतकी खूश मी तिला नंतर कधी पाहिली नाही.

ठेकेदार भांडला नाही. त्याची माणसं टेम्पो घेऊन आली आणि तालुक्यातली सगळी यंत्रं उचलून घेऊन गेली. पैसे मिळाले नाहीत तर माल आमचा, असं त्याचं म्हणणं. खडकहोळची चालती पेटीही भिंतीवरून काढली. प्रकरण वादात गेलं, आणि वाद मिटेपर्यंत त्या तालुक्याला दुसरा कुठलाही निधी मिळणार नाही असा नियम निघाला. म्हणजे ज्या गावांसाठी अक्का भांडली, त्यांना शिक्षा झाली. ठेकेदाराला नाही. तो दुसऱ्या जिल्ह्यात केबल टाकत होता.

भाग्याला परीक्षेत चांगले गुण पडले. सरकारी कॉलेजात जागाही लागली. पण ती जागा मुदतीत ऑनलाइन स्वीकारायची होती. तालुक्याच्या गावी जाऊन ती कॉम्प्युटर सेंटरबाहेर दिवसभर बसून आली, तिथं साइट उघडली नाही. पुन्हा जायच्या दिवशी बस आलीच नाही. मुदत सरली, जागा पुढच्या मुलीला गेली. खडकहोळची पेटी भिंतीवर असती तर ते काम चहा उकळेपर्यंत झालं असतं.

रेणुकाचा तालुक्याच्या गावाहून फोन आला तेव्हा आम्ही कँटीनमध्ये होतो. अक्कानं फोन स्पीकरवर टाकला, तिला वाटलं चांगली बातमी आहे. रेणुका ओरडली नाही, रडली नाही. सावकाश बोलली. "बाई, तुमी खरं लिवलासा. बरं केलासा. वर तुमाला शाबासकी मिळाली असंल. आमच्या पोरीचं मातूर वाटोळं झालं." मग म्हणाली, "चालत हुतं की वो, बाई… तुमी बघितलासा की डोळ्यांनी." आणि फोन ठेवला. अक्कानं ताटातलं सगळं संपवलं, एक शीतही न ठेवता.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. खडकहोळला या वादातून वेगळं काढा, तिथं सेवा चालू होती, एवढंच तिचं मागणं. साहेबांनी तिचाच अहवाल पुढं केला. "मॅडम, तुम्हीच लिहिलंय की, जोडलेले नाही. आता जोडलेलं होतं म्हणता? मग तुमच्या बाकीच्या अहवालांवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?" ते हसले नाहीत. हसले असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यानंतर तिचे दौरे बंद झाले. तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि जुने नकाशे कॉम्प्युटरवर चढवण्याचं काम. सुट्ट्या टाकून ती त्या वादाच्या सुनावण्यांना जायची, स्वतःच्या खर्चानं, कुणी बोलावलेलं नसताना. मागच्या बाकावर बसायची. तिला बोलायची परवानगी नव्हती. एकदा तिथल्या शिपायानं तिला ठेकेदाराकडची समजून पाणी आणून दिलं, ते सांगताना ती पोट धरून हसली होती. मला हसू आलं नाही.

भाग्याचं लग्न ठरत होतं. ती पळाली नाही, भांडलीही नाही, नुसती एक दिवस गावातल्या मुलींबरोबर बेंगळुराला आली आणि बोम्मसंद्र्यात मोटारींच्या वायरी जोडणाऱ्या कारखान्यात लागली. अक्काला हे रेणुकाकडूनच कळलं. मग ती दर रविवारी बोम्मसंद्र्याला जायला लागली. फळं न्यायची, पुस्तकं न्यायची. भाग्या दारातच उभी राहून पिशवी घ्यायची, कन्नडात "सरी, मॅडम", म्हणजे बरं मॅडम, एवढंच म्हणायची आणि आत जायची. इथं आल्यावर ती कन्नडच जास्त बोलायची, अक्काशी तर मुद्दामच. एका रविवारी अक्कानं तिला सांगितलं, खासगी कॉलेजात जा, फी मी भरतो, राहायला माझ्या घरी ये. त्या दिवशी भाग्या मराठीत बोलली. "मॅडम, तुमाला झोप लागावी म्हणून मी शिकू काय?"

अक्कानं हे मला जसंच्या तसं सांगितलं. सांगून म्हणाली, "बरोबर बोलली. एक शब्द जास्त नाही." मी म्हटलं, अक्का, तू काही चुकीचं लिहिलं नव्हतंस. ती माझ्यावर एकदम चिडली. "ते मला ठाऊक आहे गं! म्हणून तर… चुकलो असतो तर माफी मागितलो असतो." पुढचे दोन-तीन रविवार ती गेली नाही. मग पुन्हा जायला लागली. फळांची पिशवी दारात दिली की परत. फीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

वाद अखेर मिटला. तडजोड झाली. ठेकेदाराला अडकलेले पैसे व्याजासकट मिळाले आणि उरलेलं काम पुरं करायला नवा निधीही त्यालाच. तो खर्चही लोकांच्याच पैशातला. काम मात्र या वेळी खरोखर झालं. उद्घाटनाला साहेब गेले, आमच्यातले काहीजण गेले. अक्काला कुणी विचारलं नाही. आठवड्याभरानं ती एकटीच बसनं खडकहोळला जाऊन आली. पायरीवर बसली, व्हिडिओ लावला, तो एकदाही अडकला नाही. रेणुका समोरून गेली, थांबली नाही. "चालतंय," अक्का परत आल्यावर म्हणाली. "आता चालतंय गं शालू." तिच्या चेहऱ्यावर ना आनंद होता ना दुःख. अपघात झाला तो त्यानंतर थोड्याच दिवसांनी.

ऑफिसात शोकसभा झाली. साहेब म्हणाले, वसुधा मॅडमच्या निष्ठेमुळेच तो तालुका जोडला गेला. ऐकून काहीजणांनी डोळे पुसले. मी बाहेर आले आणि भाग्याला फोन लावला. तिला कुणी कळवलंच नव्हतं. पलीकडून यंत्रांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "म्हणून रविवारी आल्या नाहीत होय." आणि मग, "शिफ्ट आहे, ठेवते."

अक्काचं घर रिकामं करायला निपाणीहून तिचा भाऊ आला होता. मी मदतीला गेले. भाग्याही आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती कोपऱ्यात उभी राहून सामान बघत होती. भाऊ भला माणूस, म्हणाला, "बाळ, आक्काची आठवण म्हणून काय पायजे ते घे." पुस्तकं होती, शाल होती, घड्याळ होतं. भाग्या सरळ स्वयंपाकघरात गेली आणि कुकर घेऊन आली. "आमच्या रूमवर नाही," ती म्हणाली. भावाला ते लागलं, हे त्याच्या तोंडावर दिसलं. जिन्यात मी तिला गाठलं आणि नको ते विचारलं. तुला तिच्याबद्दल काहीच वाटत नाही का? ती शांतपणे म्हणाली, "वाईट नव्हत्या त्या. पण मला त्यांच्यापायी रडायला येत नाही. येईना झालंय, काय करू?"

गेल्या रविवारी मी बोम्मसंद्र्याला गेले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. फळं नेली होती. एका खोलीत चार मुली, कोपऱ्यात शेगडी, शेगडीवर अक्काचा कुकर. त्याचं झाकण जुनं झालंय, डावीकडे दाबून किंचित वर उचललं तरच बसतं. अक्का ते बोलता बोलता, न बघता करायची. भाग्यानं तस्संच केलं, न बघता. शिट्टी झाली. मला आग्रह न करता तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं. नव्यानं राहायला आलेल्या मुलीनं झाकण उघडायचा प्रयत्न केला, तिला जमेना. "कुठला गं हा असला कुकर? कुणाचा?" तिनं विचारलं.

"एका मॅडमचा."

"कुठल्या मॅडम?"

"होत्या एक," भाग्या म्हणाली, आणि झाकण तिच्या हातातून घेऊन भात वाढायला लागली.