कोचरेकरांचा चंदेरी दसरा

वामन कोचरेकरांना पसारा दिसला की पोटात दुखायचं. थट्टा नाही, खरंच दुखायचं, आणि मग ते खिशातून ओवा काढून चघळायचे. पावणे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर. कारखाना म्हणजे नुसती पत्र्याची शेड होती तेव्हापासूनचे. त्यांच्या फळीवर नटबोल्टसुद्धा शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे असत. कुणी पाना नेऊन परत दिला नाही, तर कोचरेकर त्याच्या मशीनपाशी जाऊन नुसते उभे राहायचे. थोड्या वेळाने तो माणूस काम सोडून पाना शोधायला लागायचा.

घरीही तीच तऱ्हा. वाशीच्या सिडकोच्या फ्लॅटमध्ये त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे एका मापाचे आणले होते. डब्यांवर नावं लावायला बंदी, कारण चिठ्ठ्यांनी फळी गबाळी दिसते. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा चहात मीठ निघालं. मी भिडेपोटी अर्धा कप संपवला, तोच चारुलतावहिनींनी माझ्या तोंडाकडे बघून कप काढून घेतला. "राहू द्या भावजी," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पाहुण्याच्या नशिबात असेल तरच साखर."

शहाऐंशी साली आमच्या मालकांनी, नंदकुमार साहेबांनी, कॉम्प्युटरवाला लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, घेतला. त्याला काचेची केबिन, केबिनला एसी, आणि आत जाताना चपला बाहेर. साहेब स्वतः अनवाणी जायचे, मग आमची काय कथा. त्या लेथवर मला नेमलं. तेव्हा मला एक गोष्ट कळली. साध्या लेथवर माल चिवट लागला की टर्नरचा हात आपसूक सबुरीने घेतो. कॉम्प्युटरला हात नाही. त्याला जो वेग सांगितला त्या वेगाने तो पुढे घुसणार, समोर लोणी असो नाहीतर कातळ. म्हणून रॉड कुठल्या पोलादाचा, ते आधी पक्कं ठाऊक लागतं. ते ओळखायला रॉडच्या टोकांना रंग असायचा. लाल म्हणजे माइल्ड स्टील, पिवळा म्हणजे ईएन एट, हिरवा म्हणजे ईएन चोवीस, निळा म्हणजे स्टेनलेस. रंग पुसला तर सख्खे भाऊ सगळे.

त्या वर्षी दसऱ्याच्या साफसफाईत कोचरेकरांनी कमाल केली. खंडेनवमीला आम्ही मशीनं पुसून झेंडूच्या माळा घालत होतो. हे एकटे स्टोअरमध्ये दार लावून बसले. दार उघडलं तेव्हा सगळ्या रॉडांची टोकं चंदेरी रंगात लखलखत होती, आणि रॉड उंचीप्रमाणे लावलेले होते. बुटके पुढे, उंच मागे. पूजेला आलेला प्रत्येक जण वा वा करून गेला. साहेबांनी तर पेढा हातात दिला. मीही वा म्हटलं. नवमी आणि दसरा, दोन्ही दिवस मशीनं बंद, त्यामुळे कुणाच्या डोक्यात प्रकाश पडायचं कारणच नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्टोअरच्या खिडकीपाशी गेलो. "कोचरेकर, चोवीसचा रॉड द्या."

कोचरेकर मागे वळले आणि तसेच उभे राहिले. मग त्यांचा हात ओव्याच्या खिशाकडे गेला.

परवा सकाळी एका पंपवाल्या कंपनीचे तपासनीस येणार होते. पंपाचे नमुन्याचे शाफ्ट ईएन चोवीसचेच पाहिजेत, ही अट. ती ऑर्डर मिळेल या भरवशावर तर लेथ घेतला होता. साहेब खाली आले, चंदेरी रांग बघितली, आणि आयुष्यात पहिल्यांदा केबिनमध्ये चपला घालून शिरले. "वामनराव," ते म्हणाले, "परवा सकाळपर्यंत कुठला रॉड काय, ते मला पायजे. नायतर तुमी परवा यायचं नाय." शेडपासूनच्या माणसाला ते असं बोलले याचा मला संताप आला. पण साहेबांच्या जागी मी असतो तर याहून वाईट बोललो असतो.

उपाय कॉम्प्युटरच्या आडमुठेपणातच होता. प्रत्येक रॉडचं टोक एकाच वेगाने, एकाच खोलीने कातायचं. यंत्र बदलत नाही, म्हणजे जे बदलेल ते पोलादाचं. कातून निघेल त्या किसावरून, म्हणजे चिपवरून, जात ओळखायची. स्टेनलेस आमचं चुंबकाला चिकटत नव्हतं, ते आधीच बाजूला निघालं. पण कोचरेकर म्हणाले, "सगळ्यांना एकच न्याय. तेही लाव." माणूस बुडतानासुद्धा रांग सोडायला तयार नव्हता.

पहिलाच निघाला माइल्ड स्टील. त्याची चिप तुटतच नाही. लांबच लांब तार सुटली, रॉडला गुंडाळली, टूलला, म्हणजे कातणाऱ्या पात्याला लटकली, आणि केबिनभर सुगरणीच्या घरट्यासारखा गुंता झाला. कोचरेकरांना ते बघवेना. त्यांनी पुढे होऊन टूल पुढे सरकायचं थांबवणारं बटण दाबलं आणि लोखंडी आकड्याने तार ओढायला लागले. रॉड फिरतोय, टूल जागच्या जागी घासतंय. मी ओरडलो, पण काही बिघडलं नाही. पुन्हा चालू केलं, पुढे कातलं गेलं. माइल्ड स्टील गरीब, काहीही सोसतं.

त्यांची भीड चेपली. स्टेनलेसला पिवळसर, तापलेली, चिवट चिप लोंबताना दिसताच त्यांनी पुन्हा तेच बटण दाबलं. स्टेनलेसला असं घासत बसणं खपत नाही. घासलं तिथे त्याची कातडी आणखी कडक होते. मी पुन्हा चालू केलं तसा कट्ट आवाज आला आणि टूलची टिप उडाली.

"एवढ्याशानं?" कोचरेकर म्हणाले.

"हे माणूस वेगळं हाय," मी म्हटलं. "याच्याशी बोलायचं तर सरळ बोलून मोकळं व्हायचं. घुटमळलात की आडवं येतं."

त्यानंतर ते हात मागे बांधून उभे राहिले. ईएन एटची चिप निळसर कुरळी होऊन पटापट तुटायची. ईएन चोवीसचीही तशीच, पण त्याच्या वेळी मशीनचा आवाज खाली बसायचा आणि लोड दाखवणारा काटा वर चढायचा. शेवटी शेवटी कोचरेकर काट्याकडे बघतसुद्धा नव्हते. डोळे मिटून म्हणायचे, "कण्हतोय. चोवीस." सगळी केबिन किसाने भरली होती, त्यांच्या इस्त्रीच्या शर्टवर तेलाचे शिंतोडे होते, आणि ओव्याची पुडी खिशात तशीच होती.

चोवीसच्या रॉडांचे नमुन्याचे शाफ्ट कातून ठेवले आणि तपासनीस आले. कडकपणा बघायला त्यांनी शाफ्टवर पोलादी गोळी ठेवून हातोडी मारली आणि पडलेला खळगा भिंगातून मोजला. कोचरेकर दाराशी उभे होते, जेवणाचा डबा हातात घेऊन. घरी जायचं तर जाता यावं म्हणून.

"चोवीसच आहे," तपासनीस म्हणाले. मग रॅककडे वळले. "पण सगळ्या रॉडांची टोकं ताजी कापलेली कशी?"

साहेब खोकले. मी छताकडे बघितलं. कोचरेकर सरळ म्हणाले, "मी रंगवून घोळ केला साहेब. मग प्रत्येक रॉड कातून बघितला."

"प्रत्येक?"

"प्रत्येक."

तपासनीस हसले. "म्हणजे इथे चुकीचा माल यायची भीती नाही." ऑर्डर मिळाली. साहेबांनी कोचरेकरांच्या हातातला डबा घेतला आणि स्वतः स्टोअरच्या टेबलावर नेऊन ठेवला. तेवढ्यावर कोचरेकरांचे डोळे भरले, आणि खरं सांगायचं तर माझेही.

संध्याकाळी त्यांनी रॉड जातवार लावले. लांबी वेडीवाकडी, टोकं लाल, पिवळी, हिरवी, निळी. वर प्रत्येक कप्प्यावर त्या त्या पोलादाची चिप दोऱ्याने लटकवली. दसऱ्याचं तोरण सुकून गेलं तरी ते तोरण तिथेच राहिलं, आणि झाडूवाल्याला तिथे हात लावायची मनाई होती.

दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला गेलो. चहा चक्क गोड होता. मी स्वयंपाकघरात डोकावलो. डबे तेच, एका मापाचे, पण प्रत्येकावर कणकेने आतलाच जिन्नस चिकटवलेला. तुरीच्या डब्यावर चार तुरी, मोहरीच्या डब्यावर मोहरी, साखरेच्या डब्यावर साखर आणि तिला लागलेल्या मुंग्या.

"मी लग्न झाल्यापासून सांगत होते," चारुलतावहिनी म्हणाल्या. "पण यांना कळायला पोलाद कातावं लागलं."

कोचरेकर मुंग्यांकडे बघत होते. मी ओव्याची वाट बघितली. त्यांनी हात मागे बांधले आणि म्हणाले, "राहू दे. लांबून ओळखू येतं."