आयरिसच्या शेजारी जवस

सोयगावचं शेत दिराकडं सोपवून चतुराबाई पडेगावला लेकाकडं राहायला आल्या, पण हातांना रिकामपण सोसेना. घरापुढं दोन खाटांएवढी बाग होती. तिथं सून तनुजानं आयरिस या थंड हवेतल्या फुलझाडाचे कंद लावले होते. तिचं बालपण डेहराडूनचं. आई गेल्यावर तिथलं घर विकलं, तेव्हा आईच्या बागेतून तिनं एवढंच आणलं होतं.

पावसाळ्यात ऑफिसच्या कामानं ती बंगळुरूला निघाली. "आई, बाकीची जागा मोकळी आहे. हवं ते लावा," जाताना म्हणाली.

चतुराबाईंनी वाकून पाहिलं, तर कंद अर्धे मातीबाहेर. दिसायला थेट आल्याच्या बेण्यासारखे. जन्मभर आलं लावलेल्या बाईला ते बघवेना. "पोरीला काय ठाव! उघडंच टाकून गेली बिचाऱ्यांना," म्हणत त्यांनी वर माती ओढली, शेणखत घातलं. सोबतीला भोवती अळू आणि तेरडा लावला. उघडीप पडली की रोज पाणी. अळू माजलं. आयरिसची पानं मात्र पिवळी होऊन लोळली, आणि एके सकाळी मातीतून कुजका वास आला. कंद सडल्याचा वास त्या कशा विसरतील?

त्यांनी लेकाला बोलावून दाखवलं. कृष्णा म्हणाला, "आई, नर्सरीतून दुसरे आणू."

"तिच्या आईच्या हातचे कुठल्या नर्सरीत मिळतेत रे?"

शेवटी त्यांनीच फोन लावला. "तनुजा, लई वंगाळ झालं बघ. तुझ्या आईची झाडं माझ्या हातनं सडली."

तनुजा म्हणाली, "उकरून दाबून बघा ना. घट्ट आहेत का?"

फोन पायरीवर ठेवून त्यांनी माती उकरली. पहिला कंद गिळगिळीत. दुसराही. तिसरा दाबला, तर दगडासारखा.

"व्हय गं! हे घट्ट हाय! हे बी! बाकी समदे घट्ट हायेत!" चतुराबाईंनी चिखलातच बसकण मारली.

तनुजा हसत होती. "मम्मीनंही पहिल्या वर्षी असेच मातीत बुडवले होते. सडकं कापून टाका. पाठीवर ऊन लागू द्या त्यांच्या, बस्स."

ती परतल्यावर दोघींनी मुरूम मिसळून उंच वरंबा केला. अळू मागच्या नळाशी गेलं. आता शेजारी कोण? पाणी कमी पिणारं, सावली न धरणारं, अंगानं सडपातळ हवं. चतुराबाईंनी थोडा विचार केला. "जवस टाकू की! कडंला लसूण."

"जवसाची मी फक्त चटणीच पाहिलीय," तनुजा म्हणाली.

कार्तिकात पेरलेला जवस पौषात निळा फुलला. त्याच्या मधून आयरिसची नवी पाती तलवारीसारखी वर आली. फूल काही आलं नाही, पण ते पुढच्या वर्षी आलं तरी चालणार होतं. शेजारची मंजुषा पाण्याचा पाइप घेऊन कुंपणाशी आली, तशा चतुराबाई ओरडल्या, "नको गं बाई! आमच्या विहीणबाईंची झाडं हायेत ती. उगं लाड नकोत."