दिवसा सांगायची राहिलेली गोष्ट

फोन आला तेव्हा मी म्हशीखाली बसले होते. परभणीच्या दवाखान्यातून पुतण्या बोलत होता. "काकू, माय गेली," एवढंच म्हणाला. फोन ठेवून मी पुन्हा धार काढायला बसले. रडू आलं नाही. आदल्या दिवशी दुपारी त्यांना जे कारण सांगितलं, ते आठवलं आणि मान खाली गेली... तीन आठवडे झाले, अजून वर होत नाही.

गेल्या त्या माझ्या थोरल्या जाऊबाई, कौसाबाई. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. पिंगळीच्या अलीकडे आमचं गाव. लग्न होऊन मी तिथं आले तेव्हा चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी होते. बाईंना अक्षर येत नव्हतं, पण जेवणं झाली, भांडी पालथी पडली, की त्या ओट्यावरच्या खांबाला पाठ लावून बसायच्या आणि गल्लीतल्या बाया गोळा व्हायच्या. गोष्ट सांगताना समोरच्या कोणाला तरी हुंकार द्यावा लागतो. तो थांबला की सांगणारीही थांबते. हुंकाराचं काम बाईंनी मला दिलं. "शांते, तुला बोलायची लाज वाटती ना? मंग तू नुसतं हं म्हन." वर्षानुवर्षं मी हं म्हणत राहिले, आणि त्या एका शब्दामुळे त्या घरात माझी जागा झाली.

एक नेम मात्र त्या कडक पाळायच्या. दिवसा गोष्ट नाही. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो म्हणतात. कापूस वेचताना आम्ही कितीही मागे लागलो तरी त्या म्हणायच्या, "गप. कोनाचा तरी मामा रस्त्यानं येत असंल."

माझी मुलगी शाळेत जायला लागली तशी मी तिची पुस्तकं वाचू लागले. मग वाण्याच्या पुडीला आलेल्या पेपरातल्या कथा. वाटलं, बाईंची गोष्ट आपणही लिहावी. मुलीच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिली. गोष्ट होती एका सासुरवाशिणीची. तिला माहेरी धाडत नाहीत, म्हणून ती आपली सावली धाडते. एका दुपारी बाई तूर निवडत होत्या, तेव्हा धीर करून विचारलं, "दिवसा वाचली तर चालंल का?"

"वाच की. कागदाला कुठला आलाय मामा?"

मी वाचू लागले. "ती अभागिनी स्त्री अश्रुपूर्ण नयनांनी आपल्या छायेस म्हणाली..." बाईंनी एकदा हं म्हटलं. मग नाही. मी थांबले.

"थांबलीस का?"

"तुमी हं म्हनत न्हाईत."

"यील तवा म्हनीन की. जबरीनं म्हनू का?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "शांते, ही बाई सावलीशी बोलायलीय का तहसीलदाराशी? आसं बोलल्यावर सावली पळून जाईल गं!"

हसता हसता त्यांना ठसका लागला. मला मात्र राग आला. चौथी शिकलेल्या बाईनं लिहिलं हे कोणाला कळू नये, म्हणून मी ते जड शब्द आणून ठेवले होते. मला आमच्या बोलण्याचीच लाज वाटत होती. म्हणजे बाईंचीच.

पुढं ते मला उमगलं. मी गोष्ट पुन्हा लिहिली. त्यांची वाक्यं आठवत, जिथं माझ्या तोंडून आपसूक हं निघायचा ती जागा शोधत. जिथं हं येत नव्हता तिथं खोडलं. त्यांच्या गोष्टीत सावलीचं माहेरी काय होतं ते नव्हतं, ते मी माझ्या मनानं घातलं. ते त्यांना ऐकवायचं होतं. तेवढ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. जिभेवर एक हं तेवढा उरला.

दवाखान्यात रात्री नणंद थांबायची, दिवसा मी. पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली ते कागद होते. त्या शेवटच्या दुपारी मी भाकरी काढताना बाईंची नजर पिशवीतल्या कागदांवर गेली. "हं," म्हणाल्या. मी पाणी दिलं, त्यांनी तोंड फिरवलं. "हं... हं." शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, "काय मागायल्यात गं त्या?"

मला कळलं होतं. पण वॉर्ड माणसांनी भरलेला, सगळे आमच्याकडे बघत होते. कानशिलं तापली. मी म्हणाले, "बाई, दिवसा गोष्ट सांगत न्हाईत. मामा वाट चुकतो. घरी गेल्यावर सांगते."

"खरंय माय," शेजारीण म्हणाली, "आमच्याकडंबी न्हाई सांगत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. कागदाला मामा नसतो हे त्यांनीच मला सांगितलेलं. मग त्यांनी भिंतीकडे मान वळवली. मी संध्याकाळच्या गाडीनं निघेपर्यंत पुन्हा हं आला नाही.

कागदांना भाकरीबरोबरच्या चटणीचं तेल लागलंय, पण अक्षरं दिसतात. आता दुपारी कामं उरकली की मी ओट्यावर येते. त्यांचं डोकं टेकून टेकून खांबाला काळपट डाग पडलाय, त्याच्यासमोर बसते. रस्त्यानं माणसं जात असतात. लाज वाटते, आवाज कापतो. तरी मोठ्यानं वाचते.

"सावली निघाली. पायात वहाण न्हाई, डोक्यावर पदर न्हाई..."

आणि थांबते.