सगळ्यांची एक जून

रिकामा रकाना मला बघवत नाही. हा माझा जुना रोग. भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कमधल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत मी टेबल टाकून बसायचे आणि आसपासच्या छोट्या कारखान्यांची कागदपत्रं करून द्यायचे. परवाने, कामगारांची मस्टर, नूतनीकरणाचे फॉर्म. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. एका वर्षी पोलिसांनी बांगलादेशी शोधायला गाळ्यागाळ्यांत शिरायला सुरुवात केली आणि माझं काम एकदम वाढलं.

जरीकामाच्या एका कारखान्याचे शेठ एरवी भारी थट्टेखोर. त्या दिवशी आले ते चहालाही नको म्हणाले. शेजारच्या इमारतीतले चार कारागीर पोलिसांनी उचलले होते, गाळ्याला कुलूप लागलं होतं. आपल्या माणसांची फाइल तयार करून द्या, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांची भीती मलाही लागली. आणि मी घाबरले की जास्तच नीटनेटकं काम करते.

गाळ्यात लाकडी चौकटीवर कापड ताणून नऊ कारागीर टिकल्या भरत बसलेले असायचे. प्रत्येकाचा फोटो, गावचा पत्ता, मतदार कार्डाची झेरॉक्स, सगळं मी ओळीने लावलं. अडलं ते जन्मतारखेपाशी. सातजणांना ती माहीतच नव्हती. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या रत्नागिरीकडच्या शाळेत ज्याची तारीख घरच्यांना सांगता येत नसे, त्याला गुरुजी एक जून लावून टाकायचे. माझी एक जून, भावाची एक जून, अर्ध्या वर्गाची एक जून. तेव्हा कार्डावरच्या वयावरून वर्ष काढून या सातजणांनाही मी एक जून बहाल केली. वर ती त्यांच्याकडून पाठ करून घेतली. पोलिसांनी विचारलं तर अडखळायचं नाही, धाडकन सांगायचं.

त्यांतला एकच बंगालचा, नदिया जिल्ह्यातला. हळू बोलणारा, हाताचा चलाख. त्याचं गाव सीमेच्या अगदी कडेला. बायको आणि लहान मुलगी इथेच, इंद्रलोक वसाहतीच्या मागे एका खोलीत राहायच्या. त्याने मला एकच विचारलं होतं.

"मॅडम, उधर भेज दिया तो मैं किसके घर जाऊँगा? उधर मेरा कोई नहीं है."

कागद चोख असले की कोणी हात लावत नाही, असं मी त्याला सांगितलं. एवढी खात्री मला कुठून आली होती, देव जाणे.

पंधरा दिवसांनी दुपारी शेठचा फोन आला. मी पोचले तेव्हा कारागीर भिंतीला लागून उभे होते, दारात दोन हवालदार, आणि फौजदार साहेबांच्या हातात माझं सुंदर अक्षरातलं मस्टर.

"मॅडम, हे सातही जण एकाच दिवशी जन्मले?"

खोट्या नोंदी करणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो, असं म्हणत त्यांनी विचारलं, या तारखा कोणी दिल्या. मला डोळ्यांसमोर नवरा दिसला, मुलांची शाळा दिसली, कोर्ट दिसलं.

"त्यांनी सांगितल्या तशा मी लिहिल्या," मी म्हणाले.

बाकीचे यूपी-बिहारचे, त्यांच्यात साहेबांना रस नव्हता. नदियावाल्याचं मतदार कार्ड उलटंसुलटं करून, अशी कार्डं हवी तेवढी मिळतात, असं ते म्हणाले. मग त्याला जन्मतारीख विचारली. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि धाडकन सांगितलं, एक जून. त्याला जीपमध्ये बसवून नेलं.

घरी आल्यावर मला भीती वाटत होती ती स्वतःची, हे लपवण्यात अर्थ नाही. नवऱ्याने बजावलं, आता यात पडू नकोस. संध्याकाळी नदियावाल्याची बायको मुलीला कडेवर घेऊन दारात आली. मी कागदाची माणूस, म्हणून माझ्याकडूनच तिला अर्ज लिहून हवा होता. माझा नवरा खोटं बोलत नाही, असं त्यात लिहा, म्हणाली. मी लिहिलं. लिहिताना माझे डोळे भरून आले, आणि तिला वाटलं मी तिच्यासाठी रडतेय.

सकाळी शाळा सोडल्याचा माझा दाखला घेऊन मी चौकीत गेले. तो टेबलावर ठेवला आणि सगळ्या तारखा मीच घातल्या, काल मी खोटं बोलले, असं सांगितलं. साहेबांनी दाखला उचलून वाचला. मग म्हणाले, माझीही एक जूनच आहे. माझा जबाब लिहून घेतला, वर खरपूस झापलं. दुपारपर्यंत फोनाफोनी करून त्यांनी त्याच्या गावाकडून खात्री करून घेतली आणि त्याला सोडलं.

बाहेर मुलगी त्याच्या पायाला बिलगली. त्याचा एक गाल सुजला होता. तो माझ्याजवळ आला, नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, रातभर पूछा, तारीख किसने दी. मैं बोला, मेरी माँ ने. आपका नाम नहीं लिया."

मी त्याच्या मुलीकडे बघत राहिले. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.