सावलीत मांडलेली सूर्यचूल

करमाडच्या बाजारात सरकारतर्फे दाखवायला आणलेली सूर्यचूल मी मांडली ती लिंबाच्या सावलीत, कारण मलाच ऊन सोसत नव्हतं. दोन तासांनी डाळ होती तशीच कच्ची.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. माणसं कशावरूनही दोन बाजूंना उभी राहायची. एक बाजू म्हणाली, सरकारी थोतांड. दुसरी म्हणाली, हे हसतात म्हणजे चीज अस्सल. चुलीच्या डब्यात मात्र कुणीच डोकावेना. मी सामान आवरायला लागलो.

तेवढ्यात एका मेंढपाळ बाईनं डोक्यावरची मोळी माझ्या पायाशी आदळली.

"गायरानाला कारखान्याचं कुंपण पडलं. एवढ्या काटक्यांला सकाळ गेली. डबा आवरायचा नाय!"

मग तिनंच तो ओढून उन्हात नेला आणि शेजारी काठी आडवी टाकून बसली.

"शिजली तर दोन्हीकडच्यांनी खायाची. नाय शिजली तर दोन्हीकडच्यांनी हसायचं. तवर कुणी उठायचं नाय!"

कुणी उठलं नाही. दुपार कलल्यावर तिनं झाकण काढलं, दाणा चिमटीत दाबला आणि दोन्हीकडच्या तळहातांवर गरम डाळ वाढली.

मी छाती काढून म्हणालो, "बघा, मी सांगत नव्हतो?"

तिनं मला खालीवर न्याहाळलं.

"सायेब, पुढच्या बाजाराला डबा धाडा. तुमी येऊ नका."