दोन बोटं पाणी

माझ्या धाकट्या बहिणीचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. ऊन यायच्या आत गच्चीवरच्या काचा पुसून झाल्या पाहिजेत, हा तिचा नियम. काचेवर धूळ असली की ऊन अडतं. आतून तेलकट बोट लागलं तर वाफेचा थेंब खाली घसरत नाही, तिथेच लोंबतो आणि परत खारट पाण्यात पडतो. म्हणून काच आतून राखेनं घासायची आणि उचलायची ती कडेला धरून. मी तेव्हा तिच्याकडे मुक्कामाला होतो. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. इतक्या निगुतीनं वीट धरणारा माणूस मला भेटला नाही.

गच्चीवर तिचे तीन हौद होते. विटांचे, आतून काळे रंगवलेले, वर तिरपी काच. विहिरीचं खारट पाणी उन्हानं तापायचं, वाफ काचेला लागायची आणि तिचं पाणी होऊन पन्हळीतून कॅनमध्ये उतरायचं. असं शुद्ध पाणी बॅटरीत घालायला लागतं. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला ते रोज घ्यायचा. आठ लिटर. निघायचंच तेवढं.

एक दिवस तो म्हणाला, "बाई, माझं काम वाढलंय. एक तारखेपासून पंधरा लिटर लागेल. नसेल जमत तर आताच सांगा, कारखान्याची गाडी दारात येते. मग दोघांकडून घेणं मला परवडणार नाही."

"जमेल," ती म्हणाली. कसं, त्याचा विचार घरी आल्यावर केला. हातात बावीस दिवस होते.

चौथा हौद लागणार होता आणि काच नव्हती. तिनं आपल्याच खोलीच्या खिडकीची काच काढली आणि तिथे पुठ्ठा ठोकला. त्या खिडकीशी दाजींचं शिलाई मशीन. दाजी म्हणजे तिचा नवरा, शिंपी.

"आता सुईत दोरा काय अंदाजानं ओवू?" दाजी म्हणाले.

"पंचवीस वर्षं ओवताय. हाताला पाठ नाही झालं?"

चौथा हौद मी बांधला. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण पाणी जास्त हवं तर हौद खोल हवा, हा माझा हिशेब. आयुष्यभर टाक्या बांधलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? काचा उतरवून चारही हौदांच्या भिंती मी दोन-दोन थर वाढवल्या. दोनशेचाळीस विटा, तीन दिवस, सगळ्या मी एकट्यानं जिन्यावरून वर नेल्या. गिलावा असा की हात फिरवत राहावंसं वाटावं. ती विहिरीवरून बादल्या आणून हौद गळ्यापर्यंत भरायची.

संध्याकाळी कॅन मोजले. सात लिटर.

"थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात," दाजी म्हणाले. "आमचा दादा तळं बांधून थेंबाची वाट बघतोय."

मी म्हणालो, गिलावा ओला असेल. आठ दिवस तेच म्हणत राहिलो. पाणी सातावरच.

नवव्या दिवशी विहिरीचा रहाट अडकला. तीन हौद भरले आणि चौथ्याला जेमतेम अर्धी बादली उरली. तिनं ती ओतली आणि काच लावली. संध्याकाळी चौथ्या हौदाचा कॅन सगळ्यांत जड. तिनं तो माझ्या हातात दिला.

"दादा, चहाला आधण ठेवताना तू हंडाभर ठेवतोस का?"

एवढ्या पाण्याला नुसतं कोमट व्हायलाच दिवस पुरत नव्हता, वाफ कुठून येणार? वाढवलेल्या भिंतींची सावलीही उथळ पाण्यावर पडली असती, म्हणून दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन माझंच काम मी फोडलं. गिलावा चांगला होता, सुटता सुटेना.

"हळू," दाजी म्हणाले, "पाहुणा आहे की दरोडेखोर, कळेना झालंय."

दोन बोटं पाण्यावर दहा लिटर निघालं. पण उथळ पाणी दुपारी मधेमधे सुकायचं आणि तळाला मिठाचे पापुद्रे धरायचे. तिनं दाजींच्या पेटीतल्या काळ्या सुती चिंध्या मागितल्या.

"माझं कापड उकडणार तू?"

"तुमच्या कापडाला पहिल्यांदा काही किंमत येतेय. शिवून द्या."

दाजींनी चार चादरी जोडल्या, शिवण दुहेरी. रंग सुटायचा थांबेपर्यंत धुऊन त्या पाण्यात पसरल्या. कापड सगळीकडून ओलं राही आणि ऊनही धरी. बारा लिटर. मग तिनं सुताराकडून भुसा आणला. खालून ऊब निसटू नये म्हणून तळाशी तो पसरून मी वर पत्र्याचे काळे ट्रे बसवले. काचेच्या कडांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या, वाफ पळू नये म्हणून. साडेतेरा. शेवटी बिस्किटांच्या पुड्यांचे चंदेरी कागद. ते तिनं गल्लीभर मागून आणले, खळीनं फळ्यांवर चिकटवले आणि फळ्या हौदांच्या मागे तिरप्या उभ्या केल्या. उन्हाची तिरीप काचेवर पडेल अशी प्रत्येक फळी तिनं तीन-तीनदा हलवून बघितली. मला एकदाच पुरलं असतं. ती बरोबर होती.

तीस तारखेला आम्ही तिघं गच्चीवर बसलो. शेवटचा कॅन दाजींनी मोजला, मग मी मोजला, मग तिनं आम्हा दोघांना बाजूला करून मोजला. साडेपंधरा.

"वरचं अर्धं माझ्या शिवणीचं," दाजी म्हणाले.

एक तारखेला गॅरेजवाल्यानं प्रत्येक कॅनमध्ये पाण्याची शुद्धता दाखवणारा मीटर बुडवला, आकडा पाहिला आणि म्हणाला, "उद्या याच वेळेला आणा." एवढंच. घरी येताना तिनं रिकामे कॅन मला धरू दिले नाहीत. रिकामे कॅन हलवत चालत होती, लहानपणी दप्तर हलवायची तशी.

पहिल्या महिन्याचे पैसे हातात आले तशी ती काचवाल्याला घेऊन आली. खिडकीचा पुठ्ठा निघाला आणि नवी काच बसली. दाजी ती चाचपायला पुढे झाले.

"कडेला धरा," ती म्हणाली.

दाजींनी हात मागे घेतला, मशीनवर बसले आणि पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला.